हेलिकॉप्टर वाटेल तिथे थांबतं, मग भाच्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग कशाला?

कलमवाला_देवगड
मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथे कोणी ना कोणी त्या लायनीतला असेलच म्हणून टाकतोय. माझा भाचा हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स काढून आलाय, आता म्हणतो इन्स्ट्रुमेंट रेटिंग पण करायचंय, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या डायलवरून उडवायची परवानगी, अजून चाळीस तास. ताई माझ्याकडे विचारायला आली कारण लायसन्सच्याच वेळी कलमांची एक बाग गहाण पडलीय. माझी शंका साधी आहे, विमानाचं समजतं, त्याला थांबता येत नाही, पण हेलिकॉप्टर हवेत थांबतं ना? ढग आला की थांब, हळूहळू खाली ये, कुणाच्या तरी मळ्यात उतर. भाच्याला हेच म्हटलं तर हसला आणि म्हणाला मामा, डोळे मिट आणि एका पायावर उभा रहा. राहिलो. पडलो. पण उत्तर काय मिळालं नाही.

जुना_रोटर
भाच्याने बरोबर शिकवलं तुम्हाला 😄 मी बरीच वर्षं जुहूवरून मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर, माणसं नेण्या-आणण्याचं काम केलंय, आता घरी नातवंडं सांभाळतो.

हवेत थांबणं हे डोळ्यांचं काम आहे हो. खाली झाड दिसतं, गवत दिसतं, त्यावरून हात सेकंदासेकंदाला बारीक सुधारणा करत असतो, आपल्याला कळत पण नाही. ढगात शिरलात की ते सगळं गेलं, समोर नुसतं पांढरं. त्यात साधारण ४० नॉटच्या खाली स्पीडचा काटा भरवशाचा राहत नाही, म्हणजे पुढे जाताय की मागे घसरताय हेच कळणार नाही. म्हणून ढगात थांबायचं नसतंच, उलट स्पीड धरून ठेवायचा असतो. आणि विमानावरचा हात क्षणभर काढला तर ते बऱ्यापैकी सरळ जात राहतं, हेलिकॉप्टर लगेच कलंडायला लागतं, म्हणून ढगात न्यायच्या हेलिकॉप्टरला तोल सांभाळणारी यंत्रणा, ऑटोपायलट वगैरे लागतं. शिकायची आर२२, आर४४ ढगात न्यायला परवानगी नाही, स्वच्छ हवेत पोराच्या डोक्याला हूड लावतात म्हणजे त्याला फक्त डायल दिसतात आणि बाहेर इन्स्ट्रक्टर बघतो. चाळीसातले काही तास सिम्युलेटरवर पण धरतात.

आता एका पायाचं. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यातल्या पाण्याच्या हालचालीवरून आपण वळतोय का ते मेंदूला कळतं. अगदी हळू वळलात तर कळतच नाही, आणि एकाच वेगाने वळत राहिलात तर थोड्या वेळाने ते पाणीही तेवढंच फिरायला लागतं, कान म्हणतो सरळ चाललंय. मला पहिल्यांदा हूड लावला तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की आपण सरळ आहोत, आणि समोर कृत्रिम क्षितिजाचा, म्हणजे आपण किती कललोय ते दाखवणारा डायल बघतो तर डावीकडे चांगलं वीस अंश कललेलं. सरळ केलं तर अंग ओरडतंय की उजवीकडे पडतोयस. मान वाकडी करून बसलो होतो, घाम हूडवरून नाकावर येत होता, शेजारचा इन्स्ट्रक्टर शांतपणे चहाची गोष्ट सांगत होता. शिकायचं ते एवढंच, कानाला गप्प बसवायचं. नजर कुठल्याच एका डायलवर खिळवायची नाही, उंची, दिशा, स्पीड बघत फिरायची आणि दर वेळी परत क्षितिजावर यायची.

पावशेर_ज्ञान
पण रेटिंगवाले पण पडतातच की. तो अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट जानेवारी २०२० मध्ये हेलिकॉप्टर पडूनच गेला ना? त्या पायलटकडे रेटिंग होतं ना.

जुना_रोटर
होतं, आणि साडेआठ हजार तासांचा अनुभव. पण कंपनीला परवानगी फक्त बाहेर बघून उडवायची, म्हणजे शिकलेलं वापरात नाही. ढगात गेल्यावर तो रेडिओवर सांगत होता की चार हजार फुटांवर चढतोय, आणि तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. खोटं नव्हता बोलत बिचारा, त्याला तसंच वाटत होतं. २०२१ ला कुन्नूरला जनरल रावतांचं हेलिकॉप्टर पडलं त्याच्या चौकशीतही हवामान अचानक बदलून ढगात शिरणं आणि दिशाभ्रम हेच आलं. रेटिंग काढून कपाटात ठेवलं तर गंजतं, सराव चालू पाहिजे. आणि शिकवतात पण हेच की ढग दिसला की आधीच मागे फिर. चुकून आत गेलासच तर आधी सपाट कर, दिशा धर, चढाईची पॉवर लाव, स्पीड सांभाळ आणि वर जा. जमीन शोधत खाली यायचं नाही, तुमच्या त्या मळ्याचा नाद इथेच सोडा.

तांडेल_मालवण
माका हेलिकॉप्टरातला काय कळणा नाय पण होकायंत्राचा कळता. एकदा धुक्यात आमची होडी घराकडे येय होती, बापूस सुकाणार. मी म्हटलंय बाबा तू उलटो जातंस, किनारो तिकडे असा. माका एकदम खात्री, आंगातून वाटा होता. बापाशीन काय उत्तर दिल्यान नाय, नुसती हातान होकायंत्राची काच पुसल्यान. अर्ध्या तासान सिंधुदुर्गाचो तट नाकासमोर इलो.

घाटवाट
कामाचं बोलतो. आपल्याकडे ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामाला जायचं तर हे रेटिंग लागणारच. चार्टरचं काम बरंचसं डोळ्यांनी बघूनच चालतं आणि तिथेच घोळ, घाटात ढग बसलाय आणि मागे कोणीतरी म्हणतंय सभेला उशीर होतोय. ऑक्टोबर २०२४ ला पुण्याच्या बावधनहून जुहूला निघालेलं हेलिकॉप्टर पडलं त्या सकाळी धुकंच होतं, तिघे गेले. बदलतंय पण, जून २०२३ मध्ये जुहू ते पुणे गगनच्या, म्हणजे आपल्या दिशादर्शन यंत्रणेच्या, उपग्रह सिग्नलवर हेलिकॉप्टर नेऊन दाखवलं. भाचा परदेशात करणार असेल तर डीजीसीएकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडे, इथे कुठल्या परीक्षा परत द्याव्या लागतात ते पैसे भरायच्या *आधी* विचारा, नंतर नाही.

कलमवाला_देवगड
आभारी आहे सगळ्यांचा. ताईला वाचून दाखवलं, ती म्हणते कर म्हणावं, पण दुसरी बाग गहाण नाही, बँकेचं बघू. जुना रोटर, भाचा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल. तांडेलानु, ता होकायंत्र अजून असा काय?

तांडेल_मालवण
असा. नातवान खेळूक घेतल्यान, काचेक चीर गेली. पण उत्तर बरोबर दाखयता.