कॅसेटमधल्या गप्पांवर वेळेच्या खुणा कशात कराव्यात? (बजेट ५०००)

लालबागची_मनू: आजोबांनी चाळीतल्या गिरणी कामगारांच्या गप्पा टेप केल्या होत्या. २३ कॅसेट, साठ मिनिटांच्या. डिजिटल करून झाल्यात. कुठल्या मिनिटाला कोण काय बोलतंय ते नोंदवायचंय, म्हणजे 'खानावळ' शोधलं की नेमकी जागा सापडेल. लॅपटॉप जुना आहे. ५०००च्या वर एक रुपया नाही.

खटपट्या: आधी दोन हार्ड डिस्क घ्या. माझी एक मे महिन्यात बसली, भाच्याच्या मुंजीचं अख्खं शूटिंग गेलं. दहा-बारा हजार जातील, पण डोक्याला ताप नाही.

लालबागची_मनू: दादा, बजेट वाचलंत ना?

आकाशवेल: एलान. ध्वनिफितीवर खुणा करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटचं. प्रत्येक बोलणाऱ्याला वेगळी पट्टी देता येते, विषयांची ठरीव यादी आत भरता येते. ती यादी आधी करा! मी केली नाही, मग 'बोनस', 'बोणस' आणि 'सानुग्रह' शोधत बसले.

ठाणेकर_७१: एवढं कशाला? ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर पुरे. कंट्रोल-बी दाबा, लेबल लिहा. एक्स्पोर्टला साधी टेक्स्ट फाईल मिळते: सुरुवात, शेवट, मजकूर. फक्त नंतर मूळ फाईलला हात लावू नका. मी कीर्तनाच्या सुरुवातीची ४० सेकंदांची खरखर कापली आणि प्रत्येक खूण अभंग अर्धा झाल्यावर यायला लागली.

सायनची_सून: ऑडॅसिटीला +१. वाचनखूण साठवली.

गोडबोल्या: सगळे टेपची वेळ सांगताय. गोष्टीतली वेळ? १२:४०ला कुणी म्हणतं, "संपाच्या आदल्या गणपतीत". म्हणजे १९८१चा भाद्रपद. दोन वेगळे रकाने हवेत. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची 'ओडब्ल्यूएल-टाइम' ही ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्या नात्यांचा आराखडा, याच कामाची आहे. तारीख माहीत नसली तरी 'हे त्याच्या आधी' एवढं नोंदवता येतं. जेम्स अ‍ॅलन या संगणकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दोन कालखंडांमधली अशी १३ नाती मांडली. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, ती खुंटी पक्की. बाकीचं तिला टांगा.

ठाणेकर_७१: सुरू झाला ते ठीक. संपला कधी? रीतसर मागे घेतलाच नव्हता.

खटपट्या: आमचे काका तर ८३लाच कामावर गेले. चाळीत वर्षभर कुणी बोललं नाही त्यांच्याशी.

गोडबोल्या: म्हणून तर शेवटाचा रकाना रिकामा ठेवायचा. अंदाजे वर्ष असेल तर '१९८३~'. तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१, त्याच्या दुसऱ्या भागात ही खूण आहे.

आकाशवेल: धागा भरकटला. एलान!!

लालबागची_मनू: सगळ्यांचे आभार. काल बाबांना एलान दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे तुझं तू कर." पण आवाज ओळखणारे तेच, आणि मला रविवारशिवाय सवड नाही. शेवटी दोनशे पानी वही आणली. रकाने: कॅसेट, मिनिट, कोण, कधीचं. दोन वेळा वेगळ्या ठेवल्यात, गोडबोल्या. पहिल्या दिवशी सहा पानं झाली. '३ब, १७:२०, तात्या खोकतात, मग भांडी विकल्याचं. संपाच्या दुसऱ्या पावसात.'

खटपट्या: वहीचे फोटो काढून ठेवा. आणि ते हार्ड डिस्कवर.