मदत हवी आहे: थायरॉईडचा रिसेप्टरच काढून टाकला तरी उंदराच्या पिल्लांचा मेंदू नीट कसा वाढतो?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.ला आहे. गुरुवारी सेमिनार आहे, विषय ‘थायरॉईड संप्रेरकाचे रिसेप्टर आणि मेंदूतली जनुकं’. आठव्या स्लाइडपर्यंत सगळं सुरळीत होतं, नवव्या स्लाइडवर घोडं अडलंय.

माझी आजवरची समजूत अशी: टी-३ (थायरॉईड संप्रेरकाचं काम करणारं रूप) पेशीत शिरतं, केंद्रकात जातं, तिथे बसलेल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि जनुकं चालू होतात. कुलूप आणि किल्ली. जन्मानंतर टी-३ मिळालं नाही तर पिल्लांच्या लहान मेंदूत (सेरिबेलम) पुरकिंजे पेशींच्या फांद्या खुरटतात आणि ग्रॅन्यूल पेशी वरच्या थरातून खाली उतरायला फार वेळ लावतात. इथवर ठीक.

मग किल्ली हरवली काय किंवा कुलूपच काढून टाकलं काय, दार बंदच राहायला हवं ना? पण २००२ च्या एका पेपरात टीआर-अल्फा-१ (टीआर म्हणजे थायरॉईड रिसेप्टर, त्याचे अल्फा आणि बीटा असे प्रकार) नसलेल्या उंदरांचं थायरॉईड औषधाने बंद पाडलं, आणि त्यांचा लहान मेंदू चक्क नीट वाढला! ज्यांचा रिसेप्टर शाबूत होता त्यांचाच बिघडला. एकाऐवजी दोन गोष्टी मोडल्या तर प्राणी जास्त बरा? आधी वाटलं, आकृतीखालची नावंच मी उलटी वाचतेय. चारदा पाहिलं. नावं बरोबर आहेत.

गाईडना विचारलं तर “विचार कर” म्हणाले. दोन दिवस तेच करतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बारीकसारीक

सोपं आहे. अल्फा गेला तर टीआर-बीटा त्याचं काम उचलत असेल. असं बऱ्याच जनुकांत होतं.

केंद्रकवासी

@बारीकसारीक, पटत नाही. या उंदरांत संप्रेरकच नाही. मग बीटाने काम उचललं तरी कशाच्या जोरावर? शिवाय मेंदूत टी-३ पकडणाऱ्या रिसेप्टरांपैकी सत्तर-ऐंशी टक्के टीआर-अल्फा-१ च असतो.

@रेघोट्या, गडबड तुमच्या कुलूप-किल्लीत आहे. कुलूप किल्लीची वाट बघत गप्प बसतं. हा रिसेप्टर गप्प बसत नाही. टी-३ नसतानाही तो डीएनएवर असतो आणि जनुक दाबून धरतो. ब्रेकवर पाय ठेवून बसलेला ड्रायव्हर डोळ्यांपुढे आणा. टी-३ आलं की पाय उचलला जातो. टी-३ आलंच नाही तर गाडी जागची हलत नाही. आणि ड्रायव्हरलाच खाली उतरवलं तर? ब्रेक सुटतो आणि गाडी उतारावरून आपली आपण निघते. तुमचे २००२ चे उंदीर ते हेच.

आता जरा जवळून. डीएनएवर ए-जी-जी-टी-सी-ए हा सहा अक्षरांचा तुकडा असतो. मग कुठलीही चार अक्षरं, मग पुन्हा तोच तुकडा. एका तुकड्यावर टीआर बसतो, दुसऱ्यावर त्याचा जोडीदार आरएक्सआर. मधलं अंतर चार ऐवजी पाच केलंत तर ती जागा व्हिटॅमिन-ए वाल्या रिसेप्टरची होते, इतकं ते नेमकं आहे. टी-३ नसताना या जोडीला एनकोर किंवा एसएमआरटी नावाचं प्रथिन येऊन चिकटतं आणि सोबत एचडॅक-३ हे विकर आणतं. ते हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) ॲसिटिल गट खरवडून काढतं, डीएनए घट्ट गुंडाळला जातो, जनुक वाचता येत नाही. टी-३ रिसेप्टरच्या पोटात शिरलं की रिसेप्टरच्या शेपटाकडची बारावी हेलिक्स (प्रथिनाच्या साखळीची पिळदार गुंडाळी) झाकणासारखी मिटते. एनकोरला धरायला जागा उरत नाही, तो गळून पडतो, आणि त्या नव्या पृष्ठभागावर एसआरसी-१, सीबीपी ही जनुक चालू करायला मदत करणारी मंडळी येऊन बसतात. ती ॲसिटिल गट परत लावतात.

स्लाइडवर एकच चित्र काढायचं तर त्या झाकणाचं काढा. बाकी तोंडी सांगता येतं.

शंकासुर

ड्रायव्हरची उपमा छान, पण अर्धीच. टी-३ नुसता ब्रेक सोडत नाही, ॲक्सिलरेटरही दाबतं. शिवाय रिसेप्टर कायम एकाच जागी ठाण मांडून असतो हे चित्रही थोडं बाळबोध आहे. टी-३ आल्यावर क्रोमॅटिनवर (डीएनए आणि हिस्टोन मिळून) कित्येक ठिकाणी तो आधीपेक्षा जास्त बसलेला दिसतो. आणि टीआरएच, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारी मेंदू आणि पिट्युटरीतली संप्रेरकं) यांची जनुकं तर टी-३ आलं की बंद होतात, बरोबर उलटं. परीक्षक चावट असेल तर तिथेच पकडेल.

केंद्रकवासी

मान्य. उलट्या जनुकांचं कोडं अजून नीट सुटलेलं नाही, त्यावर फार बोलू नका.

साखरझोप

जरा अवांतर. मी रोज टी-४ ची (थायरॉईड संप्रेरकाचं दुसरं रूप) गोळी घेते. इथे सगळे टी-३, टी-३ करताहेत. मग माझ्या मेंदूला मिळतं काय?

केंद्रकवासी

अवांतर नाही हो. मेंदूतलं बरंचसं टी-३ मेंदूतच तयार होतं. टी-४ ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींत जातं, तिथे डायोडिनेज-२ हे विकर त्यातला एक आयोडीन काढतं, झालं टी-३. मग ते शेजारच्या न्यूरॉनला दिलं जातं. न्यूरॉनकडे डायोडिनेज-३ असतं, ते जास्तीचं टी-३ मोडून टाकतं. म्हणजे रक्तातला आकडा आणि न्यूरॉनच्या केंद्रकातला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी. गोळीच्या मात्रेचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, धाग्यावर नको.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ॲलन-हर्नडन-डडली सिंड्रोम. १९४४ साली वर्णन झालं, कारण सापडलं २००४ मध्ये: एमसीटी-८ हे टी-३ ला पेशीच्या आत नेणारं प्रथिन बिघडलेलं. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून बहुतेक मुलगेच. रक्तात टी-३ भरपूर, मेंदूत दुष्काळ. ही मुलं बहुधा बोलत नाहीत, आधाराशिवाय बसता येत नाही. रिसेप्टर ठणठणीत आहेत आणि तेच तर वाईट: रिकामे बसून ब्रेक दाबताहेत.

रेघोट्या

अंगावर काटा आला. पण मग बाळबोध प्रश्न: रिसेप्टर नसला तर फारसं बिघडत नाही आणि असून रिकामा राहिला तर वाट लागते, तर तो ठेवलाच कशाला?

शंकासुर

वेळेसाठी. बेडकाच्या पिल्लाकडे बघा. १९१२ मध्ये गुडरनाचने त्यांना थायरॉईड खाऊ घातलं आणि ती अंगठ्याएवढीही न होता बेडूक व्हायला निघाली. त्यांच्यात टीआर-अल्फा काढून टाकला की मागचे पाय वेळेआधी फुटू लागतात. म्हणजे रिकामा रिसेप्टर ‘अजून नाही’ असं म्हणत असतो. मेंदूतही पेशीने आधी विभागायचं की आता थांबून फांद्या फोडायच्या, हा सवाल वेळेचाच.

आणि ‘फारसं बिघडत नाही’ हे सगळीकडे खरं नाही. बीटा काढलेले उंदीर बहिरे होतात. बीटा-२ हा उपप्रकार नसला तर डोळ्यातल्या शंकूपेशी हिरवा रंग टिपणारा ऑप्सिन बनवत नाहीत.

केंद्रकवासी

माणसांतलं जोडून देतो, स्लाइड दहाला उपयोगी पडेल. १९६७ मध्ये रेफेटॉफ यांनी संप्रेरकाला दाद न देणारी भावंडं वर्णिली, मूकबधिर होती. पुढे कळलं की त्यांच्यात बीटाच्या दोन्ही प्रती गायब होत्या. आईवडिलांकडे एकेक प्रत गायब, आणि त्यांना काहीच त्रास नाही. पण या आजाराच्या इतर बहुतेक कुटुंबांत एकच प्रत बिघडलेली असते आणि आजार व्हायला तेवढी पुरते, कारण बिघडलेला रिसेप्टर जागा अडवून बसतो. २०१२ मध्ये अल्फाची पहिली रुग्ण सापडली, सहा वर्षांची मुलगी. तिच्या रिसेप्टरचं शेपूटच तुटलेलं, म्हणजे तुमचं ते झाकण. टीएसएच जवळपास नॉर्मल, लक्षणं मात्र थायरॉईड कमी असल्याची.

बारीकसारीक

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. नसलेला बरा, अडून बसलेला नको.

रेघोट्या

आभार सगळ्यांचे. कुलूप-किल्लीची स्लाइड उडवली, झाकण काढतेय, तिसऱ्यांदा. हेलिक्स दर वेळी जिलबी होते.

(शुक्रवार) झाला सेमिनार. उलट्या जनुकांवर कुणी विचारलं नाही. गाईडनी विचारलं, “टीआर-अल्फा-२ चं काय?” मी गप्प.

केंद्रकवासी

त्याच जनुकातून निघतो, शेपूट वेगळं, टी-३ पकडतच नाही. मेंदूत भरपूर असतो. परीक्षानळीत इतर रिसेप्टरांच्या कामात लुडबुड करताना दिसतो, तीही कमजोर. एवढं सांगितलं असतंत तरी चाललं असतं.