पोकेमॉनला ओपन वर्ल्ड मानवत नाही: परवाच्या पोस्टला उत्तर

पंचगंगाकाठ:
परवा इथं कुणीतरी लिहिलं की जुने पोकेमॉन गेम म्हणजे नुसते बोळ, स्कार्लेट-व्हायोलेट या ओपन वर्ल्ड गेमनं (म्हणजे कुठंही, कुठल्याही क्रमानं फिरा) पोरांना पहिल्यांदा मोकळं सोडलं, आणि ज्यांना अजून रूट, म्हणजे गावागावांतल्या आखलेल्या वाटा, हवेत ती माणसं लहानपणातून बाहेरच आलेली नाहीत. दोन दिवस गप्प बसलो. आज सुट्टी आहे, लिहितोच.

मी फायर-रेड हा जुना, रूटवाला पोकेमॉन खेळलो तो शिवाजी पेठेतल्या एका सायबर कॅफेत. अर्ध्या तासाला दहा रुपये. रॉक टनेल या अंधाऱ्या बोगद्यात फ्लॅश, म्हणजे उजेड पाडायची चाल, न घेता शिरलो होतो. सगळा पडदा काळा, आपल्याभोवती तेवढा उजेडाचा ठिपका, आणि भिंतीला धडकलं की ठप् ठप् आवाज. वेळ संपली, मालकानं मॉनिटर बंद केला. घरी येऊन गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आठवेल तसा नकाशा काढला. शिडी कुठं, हायकर कुठं उभा, सगळं. दुसऱ्या दिवशी त्याच नकाशावर बाहेर पडलो. तो आजही डोळे मिटून काढून दाखवीन. पाल्देआत, म्हणजे स्कार्लेट-व्हायोलेटच्या जगात, मी ऐंशी तास घातले, पण तिथला एक चढ आठवून सांग म्हटलं तर सांगता येत नाही. रूट अरुंद असतो, म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी विचार करून ठेवलेली असते. मैदानात नुसत्या शिंपडलेल्या असतात.

आणि ती मोकळीक तरी खरी आहे का? आठ जिम (तिथल्या उस्तादाला हरवलं की बॅज मिळतो), पाच टायटन, टीम स्टारचे पाच तळ. गेम म्हणतो कुठंही जा. पण सगळ्यात सोप्या जिमच्या केटीचा टेडिउर्सा १५ लेव्हलचा आणि सगळ्यात अवघड जिमच्या ग्रुशाचा आल्टारिया ४८ चा. तुमची टीम कितीही असो, हे आकडे हलत नाहीत. म्हणजे रस्ता ठरलेलाच आहे, पाट्या तेवढ्या काढून टाकल्यात. मी नकळत उलटा फिरलो आणि ब्रासियस या जिमवाल्याकडं पोचलो तेव्हा माझी टीम चाळिशीत होती. त्याचा सुडोवुडो झाडासारखा दिसणारा दगड. टेरास्टल केला, म्हणजे लढतीत त्याचा प्रकार बदलला, की तो खरोखर ग्रास, म्हणजे झाडपाल्याचा होतो, खोटं झाड खरं होतं. इतकी सुंदर कल्पना कुणीतरी रचली, आणि १७ लेव्हलचा तो बिचारा एका फटक्यात गेला. मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
दादा, तुमचं दुःख कळलं. आता माझ्या घरातलं सांगते.

माझी मुलगी नऊ वर्षांची. एक बॅज मिळाल्या मिळाल्या तिला लांब बर्फाचा डोंगर दिसला. मी म्हटलं, तिकडं आत्ता नको. ती गेली. वाटेत तीनदा टीम झोपली. तरी हटली नाही, लपतछपत वर चढली आणि एक सेटॉडल नावाचा पोकेमॉन पकडला. तिला वाटलं आता जग जिंकलं. पहिल्याच लढतीत तो ढिम्म हलेना. एका बॅजवर पंचवीस लेव्हलच्या वर पकडलेला पोकेमॉन ऐकत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. रडली. पण पेटीत टाकला नाही. 'माझं ऐकेल तेव्हा ऐकेल' म्हणून शेवटपर्यंत टीममध्ये ठेवला, आणि पुढचे बॅज त्याच्यासाठी जिंकले. ज्या दिवशी त्यानं तिचं ऐकलं, त्या दिवशी पोरगी जेवण सोडून मला सांगायला स्वयंपाकघरात धावत आली.

हे तुमच्या रूटवर झालं असतं का? तिथं झुडूप आडवं, नाहीतर स्नोरलॅक्स आडवा, नाहीतर सॅफ्रन शहराच्या दारात शिपाई उभा, आणि त्याला चहा दिल्याशिवाय तो सोडत नाही. अडवणूक म्हणजे रचना नव्हे. पाट्या काढल्या म्हणता, पण पाटी नसतानाच माणूस डोंगराकडं बघतो.

उद्यमनगर:
तुम्ही दोघं भलतीकडंच भांडताय. मूळ दुखणं कामाच्या दर्जाचं आहे. लांबची पवनचक्की हप्त्याहप्त्यानं फिरते, माणसं जमिनीत रुततात, शहरातली घरं नुसती भिंत, दार उघडत नाही. फायर-रेडमध्ये बहुतेक घरांत शिरता यायचं, आतली म्हातारी काहीतरी बोलायची. १८ नोव्हेंबर २०२२ ला गेम आला, तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या, आणि डिसेंबरच्या पहिल्या अपडेटबरोबर कंपनीनं दिलगिरी व्यक्त केली. मी लेथवर काम करणारा माणूस. माझ्या शॉपमधून असा जॉब गेला असता तर पार्टीनं त्याच टेम्पोत परत पाठवला असता. आता म्हणतात स्विच टू वर सगळं नीट चालतं. म्हणजे त्यांची चूक झाकायला मी नवं मशीन घ्यायचं?

आणि विषय निघालाच आहे तर २०१९ चा सोर्ड-शील्ड विसरू नका. तोवर ८०९ पोकेमॉन होते, त्या गेमच्या गॅलर प्रदेशाच्या यादीत ४०० आले. माझा फेरालिगेटर सोल-सिल्व्हर या जुन्या गेमपासूनचा. कार्ट्रिज बदललं, मशीन बदललं, दर वेळी त्याला पुढं आणला. सोर्डमध्ये त्याला जागाच नाही. वाइल्ड एरियाचं एवढं मोठं मैदान बांधलंत, त्यात माझी एक सुसर मावली नाही?

मसाईचा_वारा:
फेरालिगेटरवर वेगळा धागा काढा, मी येतो. इथं मूळ प्रश्नावर बोलतो.

सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडत हिंडायचा, त्यातनं ही मालिका जन्मली. किडे पकडणारा पोरगा कधी रूट वन, रूट टू असा चालतो का? दगड उचलतो, ओढ्यात उतरतो. १९९६ च्या गेमबॉयला ते जमणारं नव्हतं म्हणून रूट आले. ती मशीनची मर्यादा होती आणि तुम्ही तिला कला म्हणताय. रूटवरचं पोकेमॉन म्हणजे जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम, पुढच्याच्या पाठीवरची सॅक बघत चालायचं. ओपन वर्ल्ड म्हणजे त्याच मोहिमेच्या वाटेवरचं मसाई पठार. वारा सुटलेला, आठही दिशा तुमच्या.

पंचगंगाकाठ:
मोहिमेला कमी लेखू नकोस. ती वाट मोठी आहे ती क्रमामुळं. पन्हाळा आधी, खिंड शेवटी. तुझ्या पद्धतीनं खिंडीपासून सुरुवात केली तर १६६० च्या त्या रात्रीचं काय उरलं? नुसती एक दगडी घळ बघून माणूस परत येईल.

मसाईचा_वारा:
मी इतिहासाला कमी लेखलेलं नाही, गर्दीला लेखलंय. गेल्या वर्षी पठारावर चढलो तर वाटेभर बिस्किटाचे पुडे, बाटल्या, आणि पुढं कुणाच्या तरी खांद्यावर स्पीकर. हजार माणसं एकाच पायवाटेवरनं गेली की तिचा ओढा होतो. फुलांचे गालिचे त्यातच तुडवले जातात. पसरून चाला म्हटलं तर आयोजक ओरडतात.

मंगळवार_पेठ:
ए भावा, जरा सांभाळून. मी अकरा मोहिमा केल्यात. पसरून चाला म्हणतोस? धुक्यात पसरलेलं माणूस हुडकायला कोण जाणार, तू? वाटेवरच्या वाडीत लोक स्वतःचं घर उघडून ओल्या पोरांना चुलीपाशी बसवत्यात, पिठलं-भात घालत्यात. ती वाडी वाटेवर हाय म्हणून भेटते. तुझ्या आठ दिशांना कोण बसलंय चहा घेऊन? कचऱ्याचं म्हणशील तर आमच्या तुकडीनं दरसाल दोन पोती भरून खाली आणलीत. तू किती आणलीस ते सांग, मग बोल.

मसाईचा_वारा:
मी एकटा जातो आणि माझा कचरा माझ्या खिशात परत येतो. पोती भरायची वेळ का येते, त्याचं उत्तर आधी द्या.

मंगळवार_पेठ:
एकटा जातोस हेच चुकतंय तुझं. आणि वर दुसऱ्याला शिकवतोस.

कसबा_बावडा:
दोघंही थांबा, मी त्या पठारावर खरोखर हरवलोय.

जुलै महिना, आम्ही दोघं मित्र. देवीच्या देवळापासून निघालो तेव्हा लख्ख दिसत होतं. दहा मिनिटांत ढग पठारावर उतरला. पुढं केलेला स्वतःचा हात ओला लागत होता, पण दिसत नव्हता. मोबाइलला रेंज नाही. जमीन सगळीकडं सारखी, गवत, चिखल, गवत. दीड तास चाललो आणि आमच्याच बुटांचे ठसे समोर आले. तेव्हा पोटात जे झालं ते सांगता येत नाही. शेवटी म्हशीच्या गळ्यातली लोखंडी घंटा ऐकू आली, त्या आवाजावर गेलो. घोंगडं पांघरलेले एक आजोबा बसले होते. 'कुठं निघालाय पोरांनो, फुडं कडा हाय' म्हणाले. आम्ही कड्याकडंच चाललो होतो.

तेव्हा मला मोकळं मैदान वाईट वाटत नाही. पण मैदानात घंटा लागते. ब्रेथ ऑफ द वाइल्ड या दुसऱ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये किल्ला लांबून दिसत राहतो, मनगटात कसब असेल तर काठी घेऊनसुद्धा तिथं जाता येतं. पोकेमॉनमध्ये तसं नाही. इथं लेव्हलचा आकडाच सगळं ठरवतो, खेळणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही. १० लेव्हलनं कमी असलात तर कौशल्य कुठवर पुरणार? म्हणून या मालिकेनं तरी पुढं कडा आहे हे सांगायलाच पाहिजे. नाहीतर जिमवाल्यांची टीम आपल्या बॅजप्रमाणं वाढवावी. दोन्हीपैकी एकही धड केलेलं नाही.

पंचगंगाकाठ:
मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

मसाईचा_वारा:
नाही, तू रूट परत मागतोयस. तो वेगळं मागतोय. आणि जुन्या रस्त्यावर तरी हिशोब कुठं सरळ होता? गोल्ड-सिल्व्हर काढ. जास्मिनचा स्टीलिक्स ३५ चा, तिच्या पुढच्या प्राइसचा पिलोस्वाइन ३१ चा. सातवा बॅज सहाव्याहून सोपा. तिथून चॅम्पियनपर्यंत माणूस लेव्हल वाढवत गवतात फेऱ्या मारत बसतो. तुझ्या लाडक्या रूटवरच हे झालं.

पंचगंगाकाठ:
जोहतोचं, म्हणजे गोल्ड-सिल्व्हरच्या प्रदेशाचं, मान्य. तिथं लेव्हलचा पार विचका होता. पण तो का झाला तेही बघ. मधल्या जिम कुठल्याही क्रमानं करायची सोय ठेवली, म्हणून सगळ्यांना सारख्याच उंचीवर ठेवावं लागलं. म्हणजे १९९९ सालीच थोडंसं मोकळं सोडून बघितलं आणि तिथंच वीण उसवली. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
तुम्ही लेव्हलशिवाय काही बोलणार आहात का? कसबा बावड्याच्या भावांचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, पण गेममध्ये सगळी टीम पडली तरी पोरगी पोकेमॉन सेंटरमध्ये उठते. म्हणूनच तर तिला हरवायची मुभा द्यायची. खऱ्या पठारावर मी तिला एकटीला सोडणार नाही, पाल्देआत सोडीन.

एक मात्र कबूल करते. लेजेंड्स आर्सियस हा दुसरा पोकेमॉन गेम आम्ही नंतर खेळलो आणि तिथं ती जास्त रमली. पाच वेगवेगळे प्रदेश, प्रत्येकाचा एक स्वभाव, दलदल वेगळी, किनारा वेगळा, आणि मोहिमेवरून दर वेळी जुबिलाइफ गावात परत यायचं. गावातली माणसं तिला नावानं पाठ आहेत. पाल्देआतला एकही दुकानदार सांगता येणार नाही. तेव्हा दादा, घरांची दारं बंद केली हे चुकलं. तेवढंच.

पंचगंगाकाठ:
आर्सियस मलाही आवडला. त्यात जिमच नाहीत, त्यामुळं क्रमाचा खोटेपणा नाही. आणि ते पूर्ण ओपन वर्ल्ड नव्हे, कुंपण घातलेली पाच रानं आहेत. नंतरच्या झेड-ए गेममध्ये तर एकच शहर घेतलं. म्हणजे बनवणाऱ्यांनाही कळलंय की हद्द लागते. सेटॉडलची गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. रूटवर तसं घडलं नसतं, हे खरं आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

माझ्याकडं गेमबॉय ॲडव्हान्स एसपी आहे, चालू स्थितीतला, फायर-रेडच्या कार्ट्रिजसकट. सेव्ह नीट होतो. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर असतो. तुमच्या मुलीला द्यायचा आहे, महिनाभर ठेवा. अट एकच, रॉक टनेलमध्ये फ्लॅश शिकवायचा नाही आणि मोबाइलवर नकाशा बघायचा नाही.

उद्यमनगर:
बिजागरी सैल झाली असेल तर माझ्याकडं आणा, करून देतो. आणि फेरालिगेटर स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये आला तो २०२३ च्या डिसेंबरात, इंडिगो डिस्क या जोडभागाबरोबर, आणि तिथं नव्यानं पकडायचा तर वेगळे पैसे. हे नोंदवून ठेवतो.

राजारामपुरी_नववी_गल्ली:
आठवडा झाला, म्हणून कळवते. काल ती रॉक टनेलला पोचली. पहिल्यांदा बाहेर आली ती आत शिरली त्याच तोंडानं, आणि गेम कुणी बनवला म्हणून चिडली. तिचं म्हणणं लिहायला सांगितलंय: बर्फाचा डोंगर याहून शंभरपट भारी होता. मग माझ्याकडं कोरा कागद मागितला आणि पेन्सिलला टोक करायला गेली.