जुना स्कूबा रेग्युलेटर भंगारात का घालायचा?

रंकाळाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "दहा वर्षांवरचा रेग्युलेटर घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, सरळ नवा घ्या." वाचून डोकं तापलं. टाकीतली हवा श्वासाजोगत्या दाबावर आणणारं हे यंत्र; त्याचा टाकीवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, माझा सतरा वर्षांचा आहे. बॅलन्स्ड पिस्टन (टाकी उतरली तरी दाब तोच देणारा), पितळी बॉडी, वर क्रोम. टाकीतली २०० बारची हवा तो भोवतालच्या दाबापेक्षा साडेनऊ बार जास्त इतक्यावर आणतो. त्यासाठी आत आहे काय? एक पिस्टन, एक स्प्रिंग, एक सीट (हवेची वाट बंद करणारी चकती) आणि गळती अडवणाऱ्या थोड्या ओ-रिंगा. पितळ म्हातारं होत नाही. झिजते सीट, आणि ती बदलता येते. मालवणला निघायच्या आदल्या रात्री मी दाबाचं गेज लावून दहा मिनिटं बघत बसतो. काटा येऊन थांबला तर ठीक, हळूहळू चढत राहिला तर सीट गेली. वय कसलं विचारताय, काटा बघा.

नवंच_घ्या: लिहिणारा मीच, आणि शब्द मागं घेणार नाही. जुना सेट घेऊन १८ मीटरवर होतो, टाकीत ५० बार उरलेली. श्वास ओढायला छातीचा जोर लागायला लागला. बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, ऑक्टोपस (त्याच्याकडचा जादाचा माउथपीस) तोंडात घेऊन वर आलो. घरात दोन लहान पोरं आहेत माझ्या.

रंकाळाकाठ: अनबॅलन्स्ड होता का?

नवंच_घ्या: होता. मग?

रंकाळाकाठ: मग दोष वयाचा नाही. अनबॅलन्स्ड पिस्टन नवाकोरा घेतलास तरी टाकी उतरत आली की श्वास जड होणारच.

उद्यमनगरकर: नवा-जुना राहू दे भावा, किटाला, म्हणजे कंपनीच्या सीट-रिंगांच्या संचाला, एवढे पैसे कशाला घालवालायस? ओ-रिंग म्हणजे काय सोनं हाय? कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिकवाल्याकडं नव्वद शोअर कडकपणाची नायट्राईल रबराची रिंग चार रुपयाला मिळत्या. सीटपण लेथवर काढून देतो आमचा मिस्त्री.

सर्व्हिसबेंच: सीट लेथवर? दादा, कृपा करून नको. मी रेग्युलेटर उघडते म्हणून सांगते. गेल्या पावसाळ्यात एक आला होता. डस्ट कॅप न लावता पाण्यात बुडवून ठेवलेला, तोंडावरची जाळी हिरवीगार. सीट भिंगाखाली धरली तर धातूची कड बसते तिथं गोल चरा, आणि एका बाजूला केसाएवढी चीर. तेवढ्यातनं दाब चढतो, मग तोंडाकडचा भाग, सेकंड स्टेज, आपोआप उघडून हवा सोडत सुटतो. हवा बंद पडत नाही हे खरं, पण खोलवर टाकी बघता बघता रिकामी होते.

उद्यमनगरकर: उद्यमनगरला नावं ठेवायची नाहीत हां! देशभरातल्या इंजिनांचे पार्ट इथल्या फाउंड्रीत ओततात. तुमच्या त्या प्लास्टिकच्या चकतीचं काय एवढं कौतुक?

सर्व्हिसबेंच: माझे वडील तिथंच टर्नर होते, पस्तीस वर्षं. कारागिराबद्दल एक शब्द काढला नाही मी. सीटचं मटेरियल कुठलं, किती कडक, हे कंपनी सांगत नाही. ड्रॉईंग नसताना माझ्या वडिलांनीही काम घेतलं नसतं.

नवंच_घ्या: आणि ग्रीस? तेही गॅरेजमधलं चोपडणार?

उद्यमनगरकर: सिलिकॉनचं लावतो मी. एवढं कळतं.

सर्व्हिसबेंच: साइझ आणि शोअर जुळवून आणलेली ओ-रिंग लो-प्रेशरच्या बाजूला चालते, मीही लावलेय. बास?

उद्यमनगरकर: मग झालं की! सीट ऱ्हाऊ दे, ती किटातली घाला. पण रिंगेवरनं मी मागं सरणार नाही.

नवंच_घ्या: मूळ प्रश्न बाजूलाच पडला. जुन्या मॉडेलचं किट यायचंच बंद झालं तर काय?

रंकाळाकाठ: तर तो काढायचा. माझ्या आधीच्या सेकंड स्टेजचं किट दोन वर्षांपूर्वी बंद झालं. मुकाट्यानं नवा घेतला, जीव तुटला तरी. फर्स्ट स्टेजचं अजून मिळतं, म्हणून तो आहे.

नवंच_घ्या: हे पहिल्यांदाच लिहिलं असतंस तर मी एवढा भांडलो नसतो. ठीक, दहा वर्षांचा आकडा मागं घेतो. होजचा, म्हणजे हवेच्या नळीचा, मात्र नाही. तिच्या टोकावरचा प्रोटेक्टर सरकवून बघितलायस कधी?

रंकाळाकाठ: …नाही. आत्ता सरकवला. फर्स्ट स्टेजच्या टोकाला होज वाकवली की बारीक भेगा दिसताहेत.

सर्व्हिसबेंच: ती होज आजच काढा. सीझन ऑक्टोबरला सुरू होतोय, सगळा सेट या आठवड्यात घेऊन या. गेजही आणा तुमचं, माझ्याशी ताडून बघू.

उद्यमनगरकर: मीपण येतो. ती सीट भिंगाखाली बघायची हाय मला.