क्लोरीन ट्रायफ्लुओराइडचा रेणू समतल त्रिकोणी का नसतो?

प्रश्न: क्लोरीनभोवती तीन बंधजोड्या (बंध तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) आणि दोन एकाकी जोड्या (बंधात भाग न घेणाऱ्या जोड्या) येतात, इथपर्यंत समजले, परंतु या एकाकी जोड्या त्रिकोणी द्विपिरॅमिडच्या (त्रिकोणी तळाशी जोडलेल्या दोन पिरॅमिडांच्या आकाराच्या) अक्षावर न जाता मधल्या प्रतलातच का राहतात, हे कृपया सांगावे.

उत्तर १: अक्षावरील जागेला ९० अंशांवर तीन शेजारी असतात, तर मधल्या प्रतलातील जागेला दोनच, एकाकी जोडी अधिक पसरट असल्याने तिथेच प्रतिकर्षण कमी राहते आणि रेणूला इंग्रजी 'टी' अक्षराचा आकार येतो.

उत्तर २: अक्षावरील आणि मधल्या प्रतलातील फ्लुओरीनमधला प्रत्यक्ष मोजलेला कोन ९० ऐवजी सुमारे ८७.५ अंश आहे, म्हणजे एकाकी जोड्या अक्षावरील दोन्ही फ्लुओरीनना तिसऱ्याकडे ढकलतात. मात्र इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या प्रतिकर्षणावरून आकार ठरवण्याचा हा नियम सर्वत्र पुरेसा मानू नये, असे आवर्जून सांगावेसे वाटते: हायड्रोजन सल्फाइडमधील ९२ अंशांच्या कोनाचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.