नाट्यसंगीताच्या पॉडकास्टसाठी गाण्यांची परवानगी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
नाट्यसंगीतावर हौसेखातर पॉडकास्ट सुरू करतेय. जाहिराती नाहीत, कमाई नाही. तरी परवानगी लागतेच. ‘दहा सेकंद वाजवलं तर चालतं’ असं सगळे सांगतात, पण कॉपीराइट कायद्यात तसं कुठेच नाही.

‘स्वयंवर’ नाटकाचे लेखक खाडिलकर १९४८ साली गेले, त्याच्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. म्हणजे ‘स्वयंवर’च्या पदांवरच्या कॉपीराइटची, मृत्यूनंतरची ६० वर्षं केव्हाच उलटली. १९३०च्या सुमाराच्या तबकड्याही मोकळ्या. घोडं अडलंय ते १९७०नंतरच्या ध्वनिमुद्रणांपाशी! एखादी तान ऐकवायची आणि ती गळ्यातून कशी फिरते ते उलगडायचं, एवढंच मनात आहे.

अशा तुकड्यासाठी रेकॉर्ड कंपनीला कोणी पत्र लिहिलंय का? किती पैसे पडले? की समीक्षेसाठी त्याच कायद्यातल्या कलम ५२ची सवलत पुरते?