मदत हवी आहे: ह्युमनॉइड रोबॉट आणि आकलनविज्ञान, पीएचडी कुठे करावी?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीची, मेकॅनिकलमध्ये एम.टेक. झालंय. ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारख्या घडणीच्या, रोबॉटच्या हातावर पीएचडी करायची आहे, पण निव्वळ मोटर-गिअरची नाही. मिरकरवाडा जेटीवर बायका गप्पा मारता मारता, न बघता बांगडे निवडतात. मासा बुळबुळीत, तरी सटकत नाही. सुटतोय असं वाटलं की बोटं आपोआप आवळतात. ही पकड मेंदू शिकतो कशी आणि रोबॉटला ती शिकवता येईल का, हा माझा विषय.

इटलीत जिनोव्हाच्या इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा आयकब हा रोबॉट याच वाटेवरचा आहे. लहान मुलाएवढा, बोटांच्या टोकांना स्पर्शाचे सेन्सर, सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं. तिथे संधी मिळाली तर याहून चांगलं काहीच नाही. आपल्याकडे आयआयटी कानपूर आणि गांधीनगरला आकलनविज्ञानात (कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मेंदू शिकतो आणि विचार करतो कसा याचं शास्त्र) पीएचडी होते. तिथे इंजिनिअरिंगवाल्यांना मुलाखतीत मानसशास्त्राचं कितपत विचारतात?

मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या पीएचडी योजनेत रीतसर पगार मिळतो, म्हणून घरचेही तयार आहेत. कुणी त्यातून गेलंय का? जाहिरातीची वाट बघावी की आधीच प्राध्यापकांना मेल टाकावा? मला तर आधी लिहिलेलं बरं वाटतं.

शिवाय या विषयावरचं माझं दोन पानी टिपण वाचून चुका स्पष्ट सांगणारं कुणी हवंय. कृपया इथेच कळवा, मी लगेच पाठवते.